नवी नोकरी आणि चुकीचा टॅक्स कोड : ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

ब्रिटनमधला पहिला पगार खात्यात आला आणि मनात धरलेल्या आकड्यापेक्षा दोनशे-अडीचशे पौंडांनी कमी निघाला, की माणसं दोनपैकी एक गोष्ट करतात. कंपनीने फसवलं असं समजून पेरोलवाल्यांना तिखट ईमेल लिहितात, नाहीतर ‘इथे टॅक्स असाच असतो’ म्हणून गप्प बसतात. दोन्ही करू नका. आधी पेस्लिप उघडा आणि टॅक्स कोड काय लिहिलाय ते बघा.

भारतात कंपनी अंदाजाने टीडीएस कापते आणि कमीजास्त झालेलं आपण रिटर्न भरताना चुकतं करतो. इथे बहुतेक पगारदारांना रिटर्न भरावाच लागत नाही. पीएवायई नावाच्या पद्धतीत दर पगारातून कर कापला जातो आणि किती कापायचा हे पेरोलला तो कोड सांगतो. कोड ठरवतं एचएमआरसी, म्हणजे इथलं आयकर खातं. पण तो बरोबर आहे की नाही, हे तपासायचं काम तुमचं.

कोड ही शिक्षा नाही आणि परदेशी माणसाला लावलेला वेगळा दरही नाही. एचएमआरसीला तुमच्याबद्दल जेवढं कळलंय, तेवढं त्या चार-पाच अक्षरांत बसवलेलं असतं : ही तुमची एकच नोकरी आहे का, या वर्षात आधी किती कमावलंत, राहता कुठे. कोड चुकला म्हणजे यातली एखादी माहिती चुकलीय. ती नेमकी कोणती हे शोधलं की अर्धं काम झालं.

पेस्लिपवर काय दिसतं

सर्वसाधारण कोड आहे १२५७एल. वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंतच्या कमाईवर कर नाही. त्यातला शेवटचा आकडा गाळला की १२५७. ही मर्यादा एप्रिल २०२१ पासून तीच आहे. महिन्याला साधारण १,०४८ पौंड करमुक्त आणि त्यावरच्या रकमेवर २० टक्के. एकूण कमाई ५०,२७० च्या वर गेली की वरच्या भागावर ४० टक्के.

याच कोडच्या शेवटी एम१, डब्ल्यू१ किंवा एक्स चिकटलेलं असेल तर तो इमर्जन्सी कोड. करमुक्त रक्कम मिळते, पण फक्त त्या महिन्यापुरती किंवा आठवड्यापुरती. मागचे महिने धरले जात नाहीत.

बीआर असेल तर करमुक्त रक्कम शून्य आणि सगळ्या पगारावर २० टक्के. दुसऱ्या नोकरीसाठी हा कोड योग्यच असतो. एकाच नोकरीवर दिसला तर चूक. ०टी मध्येही करमुक्त रक्कम नाही, पण २०, ४० आणि ४५ टक्क्यांचे टप्पे लागतात. डी० म्हणजे सरसकट ४० टक्के. एकच नोकरी असलेल्या नवख्याच्या पेस्लिपवर डी० दिसला तर त्याच दिवशी हालचाल करा.

कोडच्या आधी एस असेल तर स्कॉटलंड, सी असेल तर वेल्स. हे तुमच्या घराच्या पत्त्यावरून ठरतं, ऑफिसच्या नाही. स्कॉटलंडचे दर वेगळे आहेत. त्यामुळे ग्लासगोहून मँचेस्टरला घर हलवलं आणि पत्ता कळवला नाही, तर तो एस तसाच मागे लागून येतो.

एक सावधगिरी. १२५७ पेक्षा लहान आकडा दिसला म्हणजे चूकच, असं नाही. कंपनीने खासगी वैद्यकीय विमा दिला असेल आणि त्याची किंमत ६०० पौंड धरली असेल, तर कोड ११९७एल होतो आणि तो बरोबर असतो. कमाई एक लाख पौंडांच्या वर गेली तर वरच्या दर दोन पौंडांमागे करमुक्त रकमेतला एक पौंड जातो. १,२५,१४० ला ती संपतेच, तिथे ०टी योग्य.

पैशांत फरक किती पडतो

पगार वर्षाला ३०,००० धरू, म्हणजे महिन्याला २,५००. एम१ कोडवर कर जातो सुमारे २९० पौंड. बीआर किंवा ०टी वर जातो ५००. दरमहा २१० पौंडांचा फरक, एखाद्याचं महिन्याचं वाणसामान.

खरी गंमत वर्षाच्या मध्यात आलेल्यांची आहे आणि तिच्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. इथलं करवर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल. साधा १२५७एल हा साचत जाणारा कोड आहे. एप्रिलपासूनच्या प्रत्येक महिन्याची करमुक्त रक्कम तुमच्या नावे जमा होत जाते, तुम्ही त्या महिन्यांत इथे नोकरी केली असो वा नसो. ऑक्टोबरमध्ये रुजू झालात आणि ३१ तारखेला पगार आला, तर तो करवर्षाचा सातवा महिना. तोवर सात महिन्यांची मिळून सुमारे ७,३३७ पौंड करमुक्त रक्कम साचलेली आहे आणि तुमची कमाई २,५००. कर शून्य. नोव्हेंबरला शून्य, डिसेंबरला शून्य, जानेवारीलाही शून्य. फेब्रुवारीत एकूण कमाई १२,५०० होते आणि मग थोडा कर सुरू होतो. मार्चअखेर सहा महिन्यांच्या १५,००० पगारावर एकूण कर जेमतेम ४८५ पौंड.

हाच माणूस सहा महिने एम१ वर राहिला तर कापले जातात १,७४२. बीआर वर राहिला तर ३,०००. म्हणून ‘माझा कोड १२५७ आहे, म्हणजे ठीक आहे’ असं म्हणून पेस्लिप मिटू नका. पुढचं ते एम१ बघा. एप्रिल-मेमध्ये रुजू झालेल्याला त्याने फारसा फरक पडत नाही, ऑक्टोबरवाल्याला सव्वा हजार पौंडांचा पडतो.

आणि उलटही सांगून ठेवतो : पहिल्या चार महिन्यांत कर शून्य दिसला तर घाबरू नका. नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पेन्शन आणि सरकारी भत्त्यांसाठीची सक्तीची वर्गणी, मात्र कापलीच जाईल. २,५०० वर तो सध्याच्या ८ टक्क्यांच्या दराने सुमारे ११६ पौंड होतो. त्याचा टॅक्स कोडशी संबंध नाही, तो साचतही नाही, आणि कोड दुरुस्त झाला म्हणून परत मिळत नाही. रिफंडचा हिशेब करताना तो रकाना बाजूला ठेवा.

पहिल्याच दिवशी : स्टार्टर चेकलिस्ट

बहुतेक चुका इथे जन्माला येतात. ब्रिटनमधली आधीची नोकरी सोडून आला असाल तर जुन्या कंपनीकडून पी४५ मिळतो. त्यावर या करवर्षातली कमाई, कापलेला कर आणि शेवटचा कोड असतो. त्याचा १ए भाग तुमच्याकडे ठेवायचा, २ आणि ३ नव्या कंपनीला द्यायचे. पी४५ देणं जुन्या कंपनीवर कायद्याने बंधनकारक आहे. ‘पाठवतो, पाठवतो’ ऐकत बसू नका, लेखी मागा.

पी४५ नसेल तर स्टार्टर चेकलिस्ट, म्हणजे नव्या कंपनीच्या पेरोलला द्यायचा माहितीचा फॉर्म, भरायची. भारतातून थेट आलेल्यांनी तीच भरायची. भारतातलं रिलिव्हिंग लेटर किंवा फॉर्म १६ म्हणजे पी४५ नव्हे. चेकलिस्टमधल्या उत्तरांवरून तुम्ही ए, बी, सी यांपैकी एका गटात पडता. ए म्हणजे ६ एप्रिलनंतरची ही पहिलीच नोकरी, आणि मध्ये इथला कुठला करपात्र सरकारी भत्ता किंवा पेन्शन नाही : साधा १२५७एल. बी म्हणजे आता हीच एक नोकरी, पण ६ एप्रिलनंतर आधी दुसरी होती : १२५७एल, पण एम१ सह. सी म्हणजे दुसरी नोकरी किंवा पेन्शन चालू आहे : बीआर. आणि काहीच भरून दिलं नाही तर पेरोल ०टी लावतं. ते त्यांच्या मनाचं नाही, नियमच तसा आहे.

इथे आपल्या लोकांचं हमखास अडतं. ‘मी ऑगस्टपर्यंत पुण्यात नोकरी करत होतो, मग ही पहिली नोकरी कशी?’ असा प्रामाणिक विचार करून माणूस बी गटात जाऊन बसतो आणि एम१ ओढवून घेतो. हा प्रश्न इथल्या पगारव्यवस्थेपुरता आहे. पुण्यातला पगार पीएवायईत कधी आलेलाच नाही. भारतातल्या कंपनीनेच तुम्हाला इकडे पाठवलं असेल आणि नोकरी तिचीच चालू असेल, तर मात्र प्रकरण वेगळं. तशा लोकांची माहिती वेगळी घेतात आणि ते कंपनीच्या पेरोलकडूनच करून घ्यावं.

त्याच कागदावर स्टुडंट लोनचा प्रश्न असतो. तो ब्रिटिश सरकारच्या विद्यार्थी कर्जाबद्दल आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी तुम्ही स्टेट बँकेकडून घेतलेल्या शैक्षणिक कर्जाचा त्याच्याशी काहीएक संबंध नाही. तिथे ‘हो’ म्हणालात तर ठरावीक मर्यादेवरच्या पगारातून ९ टक्के कापले जायला लागतील, तेही नसलेल्या कर्जासाठी. ही चूक टॅक्स कोडची नव्हे, पण पगार कमी का आला हे शोधताना पेस्लिपवर ‘स्टुडंट लोन’ अशी ओळ आहे का, तेही बघून घ्या.

चूक नेमकी कुठे आहे ते शोधा

चेकलिस्ट बरोबर भरली, तरी एक-दोन पगार कोड विचित्र येऊ शकतो. कंपनी दर पगाराला तुमची माहिती एचएमआरसीला पाठवते, त्यावरून बरेच कोड आपोआप सुधारतात. दुसऱ्या पगारालाही तसाच राहिला तर मात्र उठा.

सगळ्यात सोपी जागा म्हणजे जीओव्ही डॉट यूके वरचं पर्सनल टॅक्स अकाउंट किंवा एचएमआरसीचं मोबाइल ॲप. तिथे या वर्षातल्या तुमच्या नोकऱ्या, प्रत्येकीचा कोड आणि तो कसा काढला याची फोड दिसते. ती फोड शांतपणे वाचा. जुनी, सोडलेली नोकरी अजून चालू दाखवत असेल तर बीआर का लागला याचं उत्तर मिळालं : जुन्या कंपनीने तुमची शेवटची तारीख कळवलेली नाही. ही नोकरी संपली, एवढं तिथल्या तिथे नोंदवता येतं. वर्षाच्या कमाईचा अंदाज भलताच असेल तर तोही दुरुस्त करता येतो.

एकच कंपनी दोनदा दिसत असेल तर नावाकडे वळा. पासपोर्टवर आपल्याकडे स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं. पेरोलमध्ये कोणी त्यातलं दुसरं नाव गाळतं, कोणी तेच आडनाव म्हणून टाकतं. लग्नानंतर आडनाव बदललेलं असेल तर आणखी गोंधळ. नाव, जन्मतारीख आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर या तिन्ही गोष्टी पेरोलकडे आणि एचएमआरसीकडे अक्षरशः सारख्या हव्यात. एनआय नंबर नसताना काम सुरू करता येतं, पण तो आला की त्याच दिवशी पेरोलला कळवा. नंबर येईपर्यंत कोणी ‘तात्पुरता’ नंबर सुचवला तर तो वापरू नका.

एनएचएस, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेतल्या नर्सेस आणि केअरच्या कामात असलेल्यांना आणखी एक गोष्ट. नेहमीच्या नोकरीशिवाय बँक शिफ्ट (रुग्णालयाच्या राखीव यादीतून गरजेपुरती घेतलेली पाळी) किंवा एजन्सीची शिफ्ट केली की ती बहुतेकदा दुसरी नोकरी धरली जाते आणि तिच्यावर बीआर लागतो. मुख्य नोकरीत करमुक्त रक्कम पूर्ण वापरली जात असेल तर तो बीआर बरोबरच आहे, भांडू नका. भांडायचं ते उलटं झालं असेल तेव्हा : करमुक्त रक्कम महिन्यातून दोनदाच होणाऱ्या शिफ्टवर आणि बीआर मुख्य पगारावर. दोन छोट्या अर्धवेळ नोकऱ्या करणाऱ्या विद्यार्थ्यांची एका नोकरीत करमुक्त रक्कम वाया जात असेल, तर ती दोन्हींत वाटून द्या, अशी विनंती एचएमआरसीला करता येते.

फोन करायची वेळ आली तर

नवख्यांचं ऑनलाइन खातं बऱ्याचदा उघडतच नाही, कारण ओळख पटवायला लागणारा इथला क्रेडिटचा इतिहास किंवा इथलं ड्रायव्हिंग लायसन्स त्यांच्याकडे नसतं. अशा वेळी फोन : ०३०० २०० ३३००, सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८ ते संध्याकाळी ६. बराच वेळ ताटकळावं लागतं, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत लावू नका. मोकळ्या दिवशी सकाळी आठाच्या ठोक्याला लावा.

समोर एनआय नंबर, शेवटची पेस्लिप, रुजू झाल्याची तारीख आणि कंपनीचा पीएवायई रेफरन्स ठेवा. हा रेफरन्स म्हणजे तीन आकडे, तिरकी रेघ आणि पुढे काही अक्षरं-आकडे. अनेक पेस्लिपांवर असतो, नसेल तर पेरोलकडून घ्या. सुरुवातीला यंत्राचा आवाज काम विचारतो, तेव्हा अख्खी कहाणी सांगू नका. ‘टॅक्स कोड’ एवढंच म्हणा.

माणूस फोनवर आला की ‘माझा टॅक्स जास्त कापलाय’ ही सुरुवात चुकीची. त्यातून त्याला काही कळत नाही. असं सांगा : ही माझी ब्रिटनमधली पहिली आणि एकच नोकरी, अमुक तारखेला सुरू झाली, वार्षिक पगार इतका, पेस्लिपवर कोड ०टी एम१ आहे, आधीची कुठलीही नोकरी किंवा पेन्शन नाही. मग विचारा की तुमच्या नोंदीत माझ्या किती नोकऱ्या दिसतात. या एका प्रश्नाने बहुतेक गाठी सुटतात. फोन ठेवण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा : नवा कोड एम१ शिवायचा आहे ना, आणि तो कंपनीला कधी जाणार. इंग्रजी फोनवर जड जात असेल तर शेजारी बसलेल्या ओळखीच्या माणसाला बोलू द्या, फक्त तुम्ही तिथे हजर हवेत आणि ओळख तुम्हीच पटवून द्यायची.

पेरोलकडे यात फारसं काही नसतं. एचएमआरसीने एकदा कोड पाठवला की तुमच्या सांगण्यावरून तो त्यांना बदलता येत नाही. त्यांच्याकडे तीनच गोष्टी मागा : चेकलिस्टची माझी उत्तरं नीट चढवली का, नाव-नंबर बरोबर आहे का, आणि नव्या कोडची नोटीस आली का. नोटीस येऊन पडलेली असते आणि पेरोल बंद व्हायची तारीख उलटून गेलेली असते, असं पुष्कळदा होतं; मग पुढच्या महिन्याची वाट बघणं आलं.

पैसे परत कसे येतात

करवर्ष संपायच्या आत साचणारा कोड लागला तर वेगळा अर्ज नको. पुढच्याच पगारात पेरोलचा हिशेब पहिल्यापासून मांडला जातो आणि जास्तीचा कर पगारातच परत येतो. पेस्लिपवर कराच्या रकान्यात उणे आकडा दिसेल, तोच तुमचा रिफंड.

वर्ष उलटलं तर कंपनी ३१ मेपर्यंत पी६०, म्हणजे वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कागद, देते. मग एचएमआरसी आपल्याकडची बेरीज-वजाबाकी करून पी८०० नावाचा हिशेब पाठवतं, साधारण जूनपासून पुढे. पैसे येणं असेल तर ते मागायचे कसे, हे त्यातच लिहिलेलं असतं. ऑनलाइन मागितलेले लवकर येतात. पत्र जुन्या भाड्याच्या घरी जाऊन पडू नये म्हणून घर बदललं की पत्ता कळवा.

‘तुमचा टॅक्स रिफंड मंजूर झालाय, इथे क्लिक करा’ असा मेसेज आला तर तो चोराचा. ६०५९९ वर पुढे पाठवा आणि पुसून टाका. रिफंड मिळवून देतो म्हणून टक्केवारी घेणारे एजंटही बरेच फिरतात. वर सांगितलेलं सगळं फुकट होतं, त्यांच्या वाट्याला जाऊ नका.

कमी कापला असेल तर

ही बाजू कोणी विचारत नाही, पण डोकेदुखी जास्त हिचीच. शनिवार-रविवारची दुसरी नोकरी धरली आणि तिथेही चेकलिस्टमध्ये ‘हीच पहिली नोकरी’ लिहिलं, तर दोन्हीकडे १२५७एल लागतो. दर महिन्याला हातात छान रक्कम येते आणि वर्ष संपल्यावर एचएमआरसीचा हिशेब येतो. ३,००० पौंडांपेक्षा कमी थकबाकी असेल तर ती सहसा पुढच्या वर्षाच्या कोडमधून, म्हणजे दरमहा थोडी थोडी कापली जाते. चूक लक्षात आल्याबरोबर स्वतः कळवलंत तर साचणारी रक्कम लहान राहते.

नोकरी सुटली आणि चार आठवडे दुसरी मिळाली नाही तर पी५० फॉर्मवर त्याच वर्षात रिफंड मागता येतो. कायमचं भारतात परतत असाल तर पी८५, म्हणजे ब्रिटन सोडत असल्याचं कळवणारा फॉर्म, भरा आणि रिफंड येईपर्यंत इथलं बँक खातं बंद करू नका. मागच्या वर्षांचा जास्त कापलेला कर चार वर्षांपर्यंत मागता येतो : २०२२-२३ सालचा ५ एप्रिल २०२७ पर्यंत, २०२३-२४ चा त्याच्या पुढच्या एप्रिलपर्यंत. जुने पी६० सापडत नसतील तर त्या वर्षांची कमाई आणि कर पर्सनल टॅक्स अकाउंटमध्ये बघायला मिळतो.